गिऱ्हाईक काय म्हणालं

मोबाइल घसरला तसा मुलीने तो रंध्याला टेकवून नीट उभा केला. बाबांनी हातांवरचा भुसा झटकला आणि पडद्यावरच्या चौघांना हात हलवला.

बाबा सुतार. जन्मापासून ऐकू येत नाही. गिऱ्हाईक बोलायचं ते मुलगी त्यांना खुणांनी सांगायची, त्यांच्या खुणा गिऱ्हाइकाला बोलून दाखवायची. शाळेत जायला लागल्यापासून हेच. माप, लाकूड, वायद्याचा दिवस. तेवढ्यावर त्यांचं भागतं, असं तिला वाटायचं.

सहा महिन्यांपूर्वी तिने बाबांचे, खिळा न वापरता सांधे जोडतानाचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकले. कामं वाढतील म्हणून. वाढलीही थोडी. पण त्याआधी आली ती बाबांसारखीच, हातांनी बोलणारी माणसं. एक शिंपी, दोन सुतार, प्रयोगशाळेत काम करणारी एक बाई. त्यांनी उलट आपले व्हिडिओ पाठवले, आणि दर रविवारी सकाळी कॉलवर गप्पा सुरू झाल्या. मुलगी मदतीला बसायची. मदत कुणालाच लागत नव्हती.

आज बाबांचे हात नुसते धावत होते. भुवया चढत होत्या, गाल फुगत होते, मधेच ते कुणाची तरी ऐट खांद्यांनीच दाखवत होते. तिला ‘कपाट’ कळलं, ‘गिऱ्हाईक’ कळलं; बाकी सगळं डोक्यावरून गेलं. पडद्यावर चौघं पोट धरून हसली. शिंप्याने तर चष्मा काढून डोळे पुसले.

ती बघतच राहिली. घरी बाबांच्या खुणा म्हणजे जेवलीस का, दार लाव, उद्या लवकर उठ.

तिने त्यांचा दंड हलवला आणि हातांनी विचारलं,

“काय सांगितलंत?”

तिच्यासाठी बाबांनी खुणा सोप्या केल्या.

“तू आठ वर्षांची होतीस. मी एका कपाटाच्या बिजागऱ्या उलट्या बाजूला बसवल्या. गिऱ्हाइकाने तोंडाचा पट्टा सोडला. तू मला सांगितलंस, ‘कपाट छान झालंय म्हणतायत.’”

तिचे कान तापले.

“मी हात जोडले. तो आणखी भडकला. तू म्हणालीस, ‘फारच छान झालंय.’ मी पुन्हा हात जोडले. शेवटी बिचारा गप्पच बसला.”

“पण तो ओरडतोय हे तुम्हाला कसं कळलं?”

बाबांनी कपाळावर हात मारला.

“अगं, बहिरा आहे मी. आंधळा नाही.”

“मग मला बोलला का नाहीत कधी?”

“काय बोलायचं? तू जराही घाबरली नव्हतीस, उलट माझ्यापुढे उभी राहून त्याच्याकडे डोळे वटारत होतीस. दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेल्यावर बिजागऱ्या बदलून आलो.”

पडद्यावरच्या बाईने काहीतरी विचारलं. बाबांनी मुलीकडे बोट दाखवलं, छाती पुढे काढली आणि दोन्ही हातांनी एक मोठी खूण केली. ती खूण तिने घरात कधीच पाहिली नव्हती.

बाईने तिच्यासाठी खाली टाइप केलं: ‘मी विचारलं, तीच का ही? ते म्हणतायत, तीच. माझ्या बाजूने भांडणारी.’

मुलीने स्टूल ओढलं आणि चौघांना दिसेल अशी ती बाबांच्या शेजारी बसली. ती खूण पुन्हा करा, तिने हातांनी सांगितलं. जरा सावकाश.