माझा घाम कुठे गेला?

मी माठ बोलतोय. शाळेत हा शब्द उच्चारला की मुलं शेजारच्याकडे बोट दाखवतात. पण मी खराखुरा, मातीचा माठ आहे.

अफरीनताईंना वाटलं होतं, सातपुड्याच्या पायथ्याशी ज्ञानाची तहान लागलेली मुलं भेटतील. भेटली ती नुसतीच तहानलेली. ताई मूळच्या चाळीसगावच्या, दिल्लीत भौतिकशास्त्र शिकून भर उन्हाळ्यात आमच्या शाळेत शिकवायला आल्या. आल्या आल्या त्यांनी मला चकचकीत निळा ऑइलपेंट फासला आणि पोटावर लिहिलं, 'विज्ञान हाच प्रकाश'.

एरंडोलच्या कुंभाराने मला घडवलं तेव्हाही एवढं कौतुक झालं नव्हतं. मी नवरदेवासारखा ताठ बसलो.

पण पाणी कोमट राहू लागलं. मुख्याध्यापक हिलाल सर घोट घेऊन म्हणाले, "हा चहा कुणी केला?" मग हुकूम सोडला, "माठ म्हातारा झालाय. उद्या तळाला भोक पाडू, तुळस लावू."

तुळशीबद्दल मला आदर आहे. भोकाबद्दल नाही.

शाळेत खिचडी रांधणाऱ्या चमेलीबाई हळहळल्या. "ताई, तू तं एवढी शिकेल शे. माठमा पानी थंड कसाले होस?"

"बाष्पीभवन. सुप्त उष्णता."

"हाई तं नाव झायं. कसाले होस ते सांग ना!"

ताईंनी फळ्यावर सूत्र लिहिलं. चमेलीबाई कांदा चिरत राहिल्या. ताईंनी आकृती काढली, बाण काढले.

"मना डोकामा नही उतरनं."

ताईंनी खडू टाकला आणि चुलीपाशी बसकण मारली. "हे बघा, पाण्याचे कण म्हणजे वर्गातली पोरं. काही शांत, काही दंगेखोर. माठाच्या बारीक छिद्रांतून पाझरून ती बाहेरच्या अंगावर येतात. तिथून दंगेखोर हवेत पळून जातात, शांत तेवढी मागे राहतात."

"मंग वर्ग थंड!" चमेलीबाई खुदकन हसल्या. "आनि दार लावी टाकं तं?"

"तर दंगेखोर आतच..." ताई थबकल्या. उठून माझ्या निळ्या पोटावरून हात फिरवला. ठणठणीत कोरडं.

"अरे देवा! दिल्लीत हे पाठ होतं, कळलं आत्ता."

"पन दार कोन लायं?"

ताई कानापर्यंत लाल झाल्या. "मीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खिळा-हातोडा घेऊन आले, तेव्हा ताई ओसरीवर मांडी ठोकून मला विटेच्या तुकड्याने घासत होत्या. "सर, माठ तरणाबांड आहे. रंग लावून मी त्याची छिद्रं बुजवली होती." सरांनी हातोडा मुकाट्याने पाठीमागे लपवला.

आता अंगावर ओरखडे आहेत, कुठे कुठे निळे डागही. पण घाम छान सुटतो. तुमच्या घरी माझा भाऊबंद असेल तर बाबांनो, त्याला नटवू नका. धुवा, भरा, सावलीत ठेवा.

त्याच सकाळी ताईंनी हात झटकत जाहीर केलं, "आजपासून प्रत्येक धडा आधी चमेलीबाईंना सांगायचा. त्यांना पटला, तरच वर्गात शिकवायचा."

चमेलीबाईंनी पळी खाली ठेवली. "मंग खिचडी कोन रांधी, माय?"