शेपटीवरची टिकली

माझा धाकटा भाऊ सम्राट भांडगावजवळ हायवेवर टिपरखाली गेला. त्यानंतर चार महिन्यांनी त्याच्या विमानाची शेपटी आपणहून हलली आणि आमच्या घरात भूत शिरलं.

खरं तर आमच्याकडे भुताला मज्जाव. शेजारच्या शेवंताबाईनं नातवाला देवऋष्याकडे नेलं, तेव्हा आमच्या आईनं तिला भर गल्लीत झापलं होतं. "भिंतीला बाबासाहेबांचा फोटू आन् पोरावरनं लिंबं उतरवतीस? लाज वाटू दे!" अशी आमची सोजरबाई.

विमान म्हणजे रिमोटवर उडणारं जेट, दोन हात लांब, पोटात पंखा. दोन हजार आठ साली सम्राटनं ते पुण्याहून तयार मागवलं. खोक्यावर लिहिलं होतं, काढा आणि उडवा. कसलं काय! मी कारखान्यात माल तपासते, खराब माल बाजूला काढणं हीच माझी भाकरी. असला माल माझ्या टेबलावर आला असता तर खोक्यासकट परत धाडला असता. एका पंखाला गोंदाचा गोळा, दुसऱ्याला गोंदाचा पत्ता नाही. स्क्रू नुसत्या थर्माकोलात पिळलेले, बोटानं उपसून येतील असे. मी सम्राटला कारखान्यातले लाल स्टिकर आणून दिले. दोष दिसला की तिथं स्टिकर लावायचा, दुरुस्त झाला की काढायचा. आई त्यांना टिकल्या म्हणायची. "आज किती टिकल्या निघाल्या रं?" हे तिचं रोजचं. शेवटची निघाली की मोकळ्या रानात नेऊन उडवून दाखवीन, असं त्यानं तिला कबूल केलं होतं.

बॅटरी पडून खराब होऊ नये म्हणून एका रविवारी मी ती चार्ज करून विमानाला जोडली. रिमोट चालू होता, पण खाटेवर पडलेला. त्याला कुणाचा हात नव्हता. तरी शेपटीची झडप थरथरली. लसूण सोलता सोलता आईचा हात थांबला.

"आलास व्हय रं?" ती म्हणाली.

झडपेचं मला काही वाटलं नाही. मी घाबरले ती तिच्या आवाजाला.

मग रोज संध्याकाळी आईचं तेच. बॅटरी जोडायची आणि समोर बसायचं. जेवलास का? थरथर. थंडी वाजते का? थरथर. आईनं भाजी निवडायच्या कामावर जाणं सोडलं, जेवण दोन घासांवर आलं. एकदा तिनं विचारलं, "टिपरवाल्यानं हारन तरी दिला हुता का रं?" त्यावर झडप कशी हलली आणि तिला काय समजलं कोण जाणे, पण ती उजाडेपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिली. भाऊ गेला, आता आईही त्याच्या मागं चालली, असं मला वाटायला लागलं.

ती विहारात गेली होती तेव्हा मी विमान उघडलं. आत सगळीकडे सम्राटचा हात दिसत होता. स्क्रूखाली लाकडाच्या चिपा बसवलेल्या, गोंद एकसारखा. मला रडूच कोसळलं. फक्त एक लाल स्टिकर उरला होता, शेपटीची झडप हलवणाऱ्या छोट्या मोटरवर. तिच्यातल्या तारेचा जोड कच्चा होता. एवढंच होतं आमचं भूत. मी नवी मोटर आणून बसवली आणि स्टिकर काढला.

संध्याकाळी आईनं बॅटरी जोडली. झडप गप्प.

"सम्राट?"

गप्प.

"आये, बिघाड हुता त्यो," मी म्हणाले. "तारेचा जोड कच्चा हुता."

"ठावं हाय मला. त्योच दाखवायचा, आये हे बघ कसं थरथरतंय, मालच खराब."

"मंग बोलत कशाला बसायचीस?"

"बिघाड हुता तवर त्याचं काम बाकी हुतं, गौतमे. काम अर्ध्यात टाकून जाणारा न्हवता त्यो. शेवटची टिकली त्यानं काढायची हुती. तू काढलीस."

ती रडली नाही. पदरानं विमान पुसलं आणि चादर काढून त्याच्यावर टोकापासून टोकापर्यंत पांघरली. सम्राट गेला त्या दिवशी त्यालाही आम्ही असंच झाकलं होतं.

इतक्या वर्षांत मी चांगल्या मालाला लाल स्टिकर कधी लावला नव्हता. आमच्या कारखान्यात त्याच्यासारखा दुसरा गुन्हा नाही. मी पर्समधला स्टिकर काढला, चादर बाजूला केली आणि शेपटीवर लावला.

"नीट बसली न्हाई गं मोटर. मला जमलं न्हाई."

आईनं स्टिकरवरून बोट फिरवलं. तिला काय कळायचं ते कळलं असावं.

"म्हंजी बाकी हाय?"

"बाकी हाय."

"मंग ऱ्हाऊ दे. हात लावू नगंस. त्यो बघंल."

त्या दिवशी ती अख्खी भाकरी जेवली. दुसऱ्या दिवसापासून कामावरही जायला लागली. संध्याकाळी बॅटरी अजून जोडते. झडप हलत नाही, तरी दिवसभरातलं सगळं त्याला सांगते. मी तिच्याकडे पाठ करून भाकरी थापते, पण कान तिकडेच असतात.

हल्ली स्टिकरचा एक कोपरा सुटायला लागलाय. आई कामावरून यायच्या आत मी तो रोज अंगठ्यानं दाबून ठेवते.