टोचणीच्या आदल्या संध्याकाळी

दिग्रसजवळच्या त्या गावात पंचफुलेच्या अंगणात पाटलाच्या घरचं कुणी कधी टेकलं नव्हतं. पण तिची सहा वर्षांची सत्यशीला देवीच्या रोगानं गेली, अन् वामनराव पाटलांची बायको भागीरथाबाई स्वतः भाकरी घेऊन आली. जवळ बसली, पाठीवरून हात फिरवला. "सरकारच्या टोचणीनं खाल्ली तुही पोर," ती म्हणाली. नवरा गेल्यापासून एकट्या पडलेल्या पंचफुलेला तो हात हवासा वाटला. खोटं कशाला बोला, फारच हवासा वाटला. म्हणून ती गप्प राहिली.

खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं. देवीची लस टोचणारा प्रेमसिंग गावात आला, त्याच्या आदल्या संध्याकाळीच पोरीला ताप भरला होता. देवीची शंका आली की गावात दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधत. पण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा पंचफुलेनं घरातली देवी नदीत सोडली होती. आता डहाळा बांधला असता तर गाव म्हणालं असतं, घ्या, उगवला देवीनं सूड. झाकली मूठ बरी, असं वाटलं तिला. ओल्या फडक्यानं पोरीचं अंग पुसून ती रांगेत पहिली उभी राहिली.

"अंग गरम काहून?" प्रेमसिंगनं विचारलं होतं.

"उन्हातून आली, साहेब."

तिसऱ्या दिवशी पुरळ उठलं. बाराव्या दिवशी पोर गेली.

महिन्याभरानं प्रेमसिंग परत आला. दोन कोसांवरच्या गावात देवीचे रोगी निघाले होते. चावडीपुढं माणसं जमली.

"आमच्या लेकरायले सुई लावाची नाही," वामनराव म्हणाले. "या बाईची पोर तुम्ही मारली. विचारा तिले."

सगळे तिच्याकडे वळले. भागीरथाबाईनं नातीला, कोकिळेला, पदराआड घेतलं होतं. कोकिळा सत्यशीलेच्याच वयाची. दोघी बांधावर चिंचा वेचत.

नुसतं उभं राहिलं तरी पुरत होतं. भाकरी येत राहिली असती, पाठीवर हात राहिला असता. पण मागच्या खेपेला रांगेत न आलेल्या कोकिळेचा दंड कोरा होता.

"टोचणीनं नाही गेली," ती म्हणाली. "ताप आदल्या दिवशीच आलता. म्या लपवला. तुम्ही हसान म्हून लपवला."

"म्हंजे तूनंच मारली न," वामनराव म्हणाले.

तिनं होय म्हणून मान हलवली. मग एक बाई पोराला घेऊन पुढं झाली, तिच्यामागून दुसरी. दिवस कलेपर्यंत उरलेलं सगळं गाव टोचून झालं.

त्यानंतर तिच्या अंगणात कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी भागीरथाबाई कोकिळेला टोचलेल्या दंडाला धरून तिच्या दारावरून ओढत नेत होती.

"तो हात नका धरू बाई, दुखते तिले," पंचफुला आतून म्हणाली.

भागीरथाबाईनं हात बदलला. वळून मात्र पाहिलं नाही.