पुढची खोली

"आजोबांची खाट तेवढे दिवस पुढच्या खोलीत हलवा," मिस लो म्हणाली, आणि मी ओतत असलेला चहा पेल्याबाहेर गेला.

मुलगी वाईट नव्हती. रस्त्याच्या कामावरची इंजिनिअर. आमच्या भिंतीवरची लाल रेघ तिनेच मारून घेतली होती. रेघेपुढचं सगळं जाणार होतं, म्हणजे पुढची खोली आणि तिच्यातलं देवांचं, पूर्वजांचं टेबल. तिथे फूटपाथ होणार, त्यापलीकडे सायकलींची वाट, मग बससाठी वेगळा पट्टा. त्याआधी मागच्या खोलीत आधाराचे लोखंडी खांब उभे करायचे होते आणि तिथे माझे सासरे, आबा, आजारी पडून होते. म्हणून खाट पुढे. पण मिस लो तैपेईच्या फ्लॅटात वाढलेली. आमच्या तैनानमध्ये खाट पुढच्या खोलीत कधी हलवतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

माणूस चालला असं दिसलं की हलवतात. शेवटचे श्वास पूर्वजांसमोर घ्यावे लागतात. रोजच्या अंथरुणावर गेलेल्याला ते आपल्यात घेत नाहीत, तो दाराबाहेर घुटमळत राहतो. आजारी माणसासमोर हे शब्दही कुणी काढत नाही.

"हळू बोला," माझा नवरा जुईशेंग तिला म्हणाला.

"ऐकलं मी," आतून आबा म्हणाले. "हृदय गेलंय माझं, कान नाही."

आबांनी जन्मभर याच रस्त्यावर बस चालवली. एका अंगाला स्कूटरी, दुसऱ्या अंगाला भाजीच्या टोपल्या, त्यातून वाट काढताना शिव्या देऊन देऊन घसा बसायचा. एकदा सायकलवरची एक शाळकरी पोर चाकाशी येता येता वाचली. त्या दिवशी ते जेवले नव्हते. रुंदीकरणाच्या सभेत पहिला हात वर गेला तो त्यांचाच. "म्हाताऱ्यानं आपल्याच घरावर बस घातली," असं शेजारच्या आलान मावशी गल्लीभर सांगत फिरल्या.

खाट हलवली. दुसरा इलाज नव्हता. मावशी न बोलावता लाल कागद घेऊन आल्या आणि देवांची तोंडं झाकायला लागल्या.

"मावशी, अहो इथं मरण कुठंय? खांब बसवतायत."

"खांबाचं देवाला काय कळतंय, बाई? त्याला खाट दिसते." आणि त्यांनी कागद नीट चिकटवला.

त्या दिवसापासून आबांनी पेज घेणं सोडलं. चमचा नेला की ओठ मिटायचे.

"आबा, दोन घास."

"नको. सोमवारी खोली पाडणार. आता गेलो तर रीतीनं जाईन. नंतर कुठं नेणार आहेस मला?"

मला राग आला. भीती त्याहून जास्त वाटली. "आणि लोकांना मी काय सांगू? सुनेनं उपाशी मारला?"

"सांग, वेळेवर सुटला. मी बस कधी उशिरा काढली नाही."

जुईशेंगने मिस लोकडे आठवड्याची मुदत मागितली. कारण ऐकून ती पांढरी पडली. मुदत मिळाली, पण पाडकामाचं मशीन आलेलंच होतं. ते आमच्या दारासमोर, लोखंडी हात आमच्याकडे करून उभं राहिलं. त्याचा ड्रायव्हर रोज सकाळी दारातून आत डोकवायचा, खाटेकडे बघायचा आणि काही न विचारता परत जायचा. शेजारी जाता-येता आवाज खाली आणायचे. घरात आम्ही दोघं त्यांचा श्वास ऐकत बसायचो. तो थांबावा की चालावा, कशासाठी ऐकतोय, हे एकमेकांना विचारायची हिंमत नव्हती.

आबा गेले नाहीत. मुदत संपली त्या सकाळी त्यांनी माझ्याकडे ओशाळून पाहिलं.

"इंजिनच बंद पडेना, काय करू?" म्हणाले, आणि पेज प्यायले. मला रडू आवरलं नाही.

खाट मागे खांबांमध्ये गेली, पूर्वज माडीवर गेले. खोली दुपारपर्यंत जमीनदोस्त झाली. त्या आवाजात आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. पुढे महिनोन्‌महिने ते रस्त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

हवेत गारवा आला आणि एका सकाळी त्यांचा श्वास अडकायला लागला. बोलणं बंद झालं होतं. डोळे मात्र माझ्यावरून हलत नव्हते.

जुईशेंग खाटेपाशी नुसता उभा. "आता कुठं हलवायचं? माडीचा जिना एवढासा."

"पायाकडची बाजू धर."

"पण नेणार कुठं?"

"पुढच्या खोलीत," मी म्हणाले.

आम्ही खाट दाराबाहेर काढली, फूटपाथच्या नव्या फरशीवर. जुईशेंग धावत माडीवर गेला आणि पूर्वजांची नावं कोरलेली पाटी दोन्ही हातांत धरून खाली आला. ती कुठे ठेवायची ते न कळून तो तसाच धरून उभा राहिला. मावशी त्यांच्या दारातून बघत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलणार.

"तिथं नाही," त्या म्हणाल्या. "जरा डावीकडं घ्या. टेबल इथं होतं." आणि पायाने जागा दाखवली.

आम्ही खाट डावीकडे सरकवली. बस आली, तिच्या पट्ट्यातून सरळ आली. माणसं उतरली, थबकली, मग खाटेच्या दोन्ही बाजूंनी गेली. वाट पुरेशी होती, कुणाचा धक्का आबांना लागला नाही.