तुरुंगातून आलेला पाहुणा

तो सुटला त्याच दिवशी माझा नवरा थेट तुरुंगाच्या दारात गेला आणि त्याला जेवायला घरी घेऊन आला. मला विचारलंही नाही. याच माणसाने सुतारकामाच्या शेडमध्ये, भांडणाच्या भरात, माझ्या नवऱ्याच्या पोटात पटाशी खुपसली होती. नवरा मरता मरता वाचला. आणि आता म्हणे, क्षमा केली. जणू कुणी चुकून पायावर पाय दिला होता.

माझी पाचावर धारण बसली. सुऱ्या, कात्री, किसणीसुद्धा मी गादीखाली सारली. किसणीने कोण कुणाला मारतं? पण घाबरलेल्या माणसाला कसली अक्कल! मग नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढून बजावलं, की याला आत्ताच्या आत्ता घालव. तो म्हणाला, रोज प्रार्थनेत क्षमा मागतेस, थोडी द्यायलाही शीक. तेवढ्यात शेजारणीचं दार अडकलं म्हणून हाक आली आणि आमचा शहाणा ते उघडायला निघूनही गेला.

उरलो आम्ही दोघं. मी सूप वाढलं आणि दाराजवळच्या खुर्चीत जीव मुठीत धरून बसले. तो खाईना. चमचा बुडवायचा, वर आणायचा, परत ठेवायचा. याच्या मनात काय शिजतंय, कुणास ठाऊक.

"गार होतंय," मी म्हणाले.

"वहिनी," तो मान खाली घालून म्हणाला, "आधी तुम्ही यातलं घ्याल का?"

मला कळायला एक क्षण लागला. त्याला वाटत होतं, मी त्यात विष कालवलंय. माझं डोकंच फिरलं. चार शब्द सुनावणार, तोच तो म्हणाला, "तुम्ही माझ्या मरणाची प्रार्थना करत असाल, असं आत असताना सारखं वाटायचं."

खोटं कसं बोलू? "करत होते," मी म्हणाले. "गुडघे टेकून करत होते."

त्याने डोळे मिटले. एवढा दांडगा माणूस माझ्यापुढे चळाचळा कापत होता. मला त्याची कीव आली, आणि स्वतःची लाज वाटली. मी त्याच्या हातातला चमचा काढून घेतला आणि त्याच्याच वाडग्यातलं सूप प्यायले. एक घोट, मग दुसरा. मग चमचा परत त्याच्या हातात दिला.

तो जेवला. वाडगं चाटूनपुसून रिकामं केलं आणि ते पुढे करून हळूच म्हणाला, "अजून आहे?"

पातेलं शेगडीवर होतं. वाढायचं तर त्याच्याकडे पाठ करावी लागणार होती. माझी छाती अजून धडधडत होती. मी उठले आणि पाठ केली.