चुण्यांचा जोड

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात शहराला टँकर लागले. महाराष्ट्रदिनाच्या कार्यक्रमात नव्या जिल्ह्याच्या शाळकरी मुली नाचणार होत्या, आणि त्यांच्या झालरीच्या झग्यांचं काम लातूरजवळच्या मुरुडच्या गौरम्माला मिळालं होतं. म्हणून ती सासूचा जुना चुण्यांचा जोड घेऊन शिवमूर्ती मिस्त्रीच्या दुकानात आली. शिलाई मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाच्या जागी हा जोड बसवला की कापड आपोआप चुण्या घेत पुढं सरकतं. सासूच्या वडिलांनी तो लेकीच्या लग्नात नांदेडहून आणला होता. तसला आता बाजारात मिळत नव्हता, आणि असली जुनी साधनं पुन्हा चालती करणारा लातुरात शिवमूर्तीच.

त्यानं भिंगाखाली पाहिलं. वर गंज होता, पण चुण्या सरकवणाऱ्या चाकाचे बारीक दाते शाबूत होते. रविवारी घेऊन जा, असं त्यानं सांगितलं.

गंज काढायची त्याची रीत ठरलेली. पातळ तेजाबात, म्हणजे ॲसिडात बुडवायचं, मग स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं, पुसून तेल द्यायचं. त्या दिवशी टँकर आलाच नाही. पिंपातलं उरलंसुरलं पाणी घरी प्यायला न्यायचं होतं. त्यानं आधी दुसऱ्या मशीनचे भाग धुतलेलंच पाणी वापरलं, आणि जोड त्यातच ठेवून घरी गेला. त्या पाण्यात तेजाब उतरलेलं होतं. सकाळी पाहतो तर चाकाचे दाते झिजलेल्या साबणासारखे गुळगुळीत.

गौरम्मा आली तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली. शिवमूर्तीच्या तोंडून निघून गेलं, "आतून आधीच खाल्लेलं होतं, अक्का. घरात ओलीला ठेवलं असंल."

गौरम्मानं वाद घातला नाही. मिस्त्रीचा शब्द तिला पुरेसा होता.

काही दिवसांनी तिची सासू शांतम्मा एकटीच मुरुडच्या एसटीनं आली. हात जोडून 'शरणार्थ' म्हणाली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. भांडायला आली, असं शिवमूर्तीला वाटलं. पण म्हातारी विचारायला आली होती. नवरा गेल्यावर याच जोडावर झबली-टोपडी शिवून तिनं पोराला वाढवलं. तो नांदेडच्या गिरणीत लागला तेव्हापासून तिनं जोड एरंडेलाच्या फडक्यात बांधून ज्वारीच्या कणगीत ठेवला होता. दर अमावस्येला काढून पुसायची.

"माझं कुठं चुकलं तेवढं सांग, बाबा," ती म्हणाली. "सून गल्लीत समद्यांपुढं बोलली. एक वस्तू सांभाळता आली न्हाई म्हणती. आता दुधाचं भांडंबी माझ्या हाती देत न्हाई."

शिवमूर्तीला वर बघवेना. हातातला पेचकस तो उगाच पुसत राहिला. लोखंडच ते, कधीतरी जायचंच, एवढं म्हटलं असतं तरी म्हातारी उठून गेली असती. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती; डॉक्टरकडं बघावं तसं.

"आज्जी, तुमचं काही चुकलं न्हाई. मी खराब पाण्यात ठेवलं. अन् खोटं बोललो."

शांतम्मा पायरीवरून उठली. मग तिनं पिशवी उचलली.

"मला सांगून काय व्हतंय? चल."

एसटीत त्यानं दोन तिकिटं मागितली, तर तिनं आपले पैसे आधीच कंडक्टरच्या हातावर ठेवले होते. मुरुड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

गौरम्मा मशीनवर बसून बोटांनी चुण्या घालत होती. अंगठ्याला चिंधी बांधलेली. शिवमूर्तीनं उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं. तिनं चाकावर हात ठेवून मशीन थांबवली, उठून पदर घेतला आणि सासूच्या पाया पडली. शांतम्मा राहू दे, राहू दे म्हणत मागं सरली. बूड टेकायला शिवमूर्तीला कोणीच म्हटलं नाही. नवं चाक घडवून देतो, असं तो पुटपुटला.

"ते बघू मागून," गौरम्मा म्हणाली. "मी आत्यांना घरात न्हाई बोलले. भायेर बोलले. तिथं सांगा."

बाहेर टँकरची वाट बघत बाया घागरी ओळीनं मांडून बसल्या होत्या. शिवमूर्ती त्यांच्यापुढं उभा राहिला आणि खाली बघून बोलला.

"काय म्हणायलाय ह्यो?" मागून एकीनं विचारलं.

"जोरानं बोला, मिस्त्री," गौरम्मा दारातून म्हणाली. "मागं ऐकू गेलं न्हाई."

शिवमूर्तीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.