पाटीवरचा नारळ

मित्रांनो, मी पत्र्यावर नाव उठवणारी एक जुनी मशीन हाय. वर ठसा, खाली साचा, मधी पत्रा. दांडा ओढला की अक्षर पत्र्यातून फुगून वर येतं. रंग उडतो, शाई धुऊन जाते, पण मी उठवलेलं नाव कुणाच्या बापाला पुसता येत न्हाई. पाण्याच्या मोटारी, कडबा कापायच्या मशिनी, तेलाचे घाणे, सगळ्यांना वळख दिली ती मी.

माझं सोताचं नाव तेवढं गेलं. कपाळावर पितळी पट्टी होती, ती कुणीतरी काढून मोडीत घातली. आता लातुरात आमच्या दुकानात नवा माणूस आला की मला बघून इचारतो, "उसाचा रस थंडगार हाय का?"

लातूर नवा जिल्हा झाला तवा माझी लई चलती होती. टेबलं, खुर्च्या, जीपगाड्या, ज्याला त्याला नव्या जिल्ह्याची पाटी पाहिजे. माझे मालक मडिवाळप्पा जेवतानाबी एक हात दांड्यावर ठेवायचे. नेमकं तवाच पावसानं तोंड फिरवलं. हिरी आटल्या. गावोगाव हातपंप तेवढे उरले, आन् त्यांच्या पाट्याबी माझ्याकडंच.

एका दुपारी किल्लारीकडच्या वाडीची सिद्धम्मा आली. काखेत रिकामी घागर. वाटेत कुठं पाणी दिसलं तर भरावं म्हणून घरून घेऊनच निघाली होती.

"अप्पा, आमच्या पंपाची साखळी तुटलीय. मेकॅनिक आला, पाटी वाचला, म्हणला, ही जुन्या जिल्ह्याची, मी हात लावत न्हाई. जुन्या जिल्ह्याला गेले, तर ते म्हणले, तुमी आता आमच्यात न्हाई."

"मग पिता काय, अक्का?"

"बारवंतलं हिरवं पाणी. नातीला जुलाब लागल्यात. पाटी दे बाबा, पाटी असल्याबिगर मेकॅनिकची जीप थांबत न्हाई."

मडिवाळप्पांनी हातातलं काम सोडून पाटी केली. 'जिल्हा लातूर'. काय अक्षरं उठली होती! आंधळ्यानं बोटानं वाचावीत अशी.

मित्रांनो, आपल्याकडं नवी वस्तू आली की तिला इभूत लावतात, कुंकू लावतात आन् नारळ फोडतात. वाडीनंबी पाटी पंपावर ठोकली, पूजा केली, आन् शेषेराव म्हाताऱ्यानं अंगात होता तेवढा जोर लावून नारळ फोडला. पाटीवरच. नारळ फुटला. अक्षरंबी चेपून खाली बसली. पंपावर त्या उन्हाळ्यात सांडलेलं पाणी म्हंजे तेवढं नारळाचं.

मेकॅनिक आला, म्हणला, "कोरी पाटी चालत न्हाई," आन् परसाद खाऊन गेला.

सिद्धम्मा पुन्हा दुकानात.

"अक्का, तुमाला फोडायला दगड मिळाला न्हाई का गं?" मडिवाळप्पा कावले.

"देवाचं काम दगडावर कसं करावं म्हणला म्हातारा."

"नात कशी हाय?"

"निजून हाय. हाक मारली तर नुसती बघते."

मडिवाळप्पांनी जाड पत्रा घेतला. तो माझ्या ताकदीचा नव्हता, माझा दांडा कण्हला, एक दात तुटला, पण अक्षरं उठली.

पाटी घेऊन ती वाडीला पोचली, तर पंपच न्हाई. दोन जिल्ह्यांच्या वाटण्या चालल्या होत्या. जुन्या जिल्ह्याची माणसं येऊन पंप उपटून घेऊन गेली होती. जाताना ती माणसं म्हणली म्हणे, "पाटीवर कुणाचंच नाव न्हाई, म्हंजे आमचाच."

मित्रांनो, वस्तूला जपा. तिची पूजा करा, फुलं वाहा, पण नारळ बाजूच्या दगडावर फोडा. देव काय रागावत न्हाई. आन् आमच्यासारख्या जुन्या मशिनींच्या कपाळावरची पट्टी काढू नका. नाव गेलं की कुणीबी उचलून नेतं.

पाटी ठोकायला जागा न्हाई म्हणून सिद्धम्मानं ती तिथल्याच लिंबाला ठोकली, आन् नातीला पाठीवर घेऊन सरकारी दवाखान्याची वाट धरली. दुसऱ्या दिवशी जीप आली. मेकॅनिकनं पाटी वाचली. "आता बरोबर हाय," म्हणला, आन् पाटीला ग्रीस लावून गेला.